पाइपचा गॅस दारात आला. आता एसीही त्यावर चालवायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातलं दीडशे खाटांचं रुग्णालय, गच्चीवर एसीसाठी पाणी थंड करणारी जुनी यंत्रं, म्हणजे हवेने थंड होणारे (एअर-कूल्ड) स्क्रू चिलर, एकूण ३०० टन थंडाव्याचे. विजेचं बिल झेपेनासं झालंय. स्वयंपाकघराला नुकताच पाइपचा गॅस आला आणि एका विक्रेत्याने सुचवलं की चिलरही गॅसवरचा घ्या, वीज जवळजवळ लागतच नाही. शवागार, रक्तपेढी आणि किचनची कोल्ड रूम याच गॅसवर घेता येईल का, हेही तुम्हाला हवं आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. नुसता थंडावा मिळवायला गॅस थेट जाळू नका. आजच्या दरांत ते महाग पडतं, पाणी जास्त पितं आणि पर्यावरणाच्या हिशेबातही फारसं टिकत नाही. पण त्याच गॅसवर आधी वीज तयार केली आणि उरलेल्या उष्णतेवर चिलर चालवला, तर चित्र बदलतं. अशा यंत्रांच्या उभारणीत आणि देखभालीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. हे तंत्रज्ञान मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच ते चुकीच्या जागी बसलेलं पाहवत नाही.

आधी यंत्र समजून घ्या. तुमच्या गच्चीवरच्या चिलरमध्ये कॉम्प्रेसर आहे. गॅसवरच्या व्हेपर ॲबसॉर्प्शन मशीनमध्ये, म्हणजे आपण ज्याला व्हॅम म्हणतो त्यात, कॉम्प्रेसर नसतो. तिथे रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता ओढून घेणारा द्रव, म्हणून चक्क पाणी असतं. बंद भांड्यात दाब पाऱ्याच्या ६ मिलिमीटरच्या आसपास आणला (बाहेर हवेचा दाब ७६० असतो) की पाणी ४ अंशांना उकळू लागतं. ते उकळताना नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याची उष्णता ओढून घेतं आणि तुमच्या एएचयूला (खोल्यांत थंड हवा सोडणाऱ्या यंत्राला) ७ अंशांचं थंडगार पाणी मिळतं. तयार झालेली वाफ सतत हटवावी लागते, नाहीतर दाब वाढून सगळं थांबेल. ते काम लिथियम ब्रोमाइड या मिठाचं तीव्र द्रावण करतं. ते वाफ अधाशासारखं शोषतं. शोषून पातळ झालेलं द्रावण पुन्हा तीव्र करायला तापवावं लागतं. गॅसची ज्योत लागते ती इथे, फक्त इथे.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे यांनी १८५९ च्या सुमारास अमोनिया आणि पाण्याच्या जोडीवर बर्फ करून दाखवला होता. आपल्याकडे वीज न पोचलेल्या गावांतल्या आरोग्य केंद्रांत लसी ठेवायला घासलेटवर चालणारे फ्रीज असत, तेही याच कुळातले. हॉटेलच्या खोलीत आवाज न करणारा छोटा फ्रीज असतो, त्यातही बहुधा हेच चक्र असतं. आणि पुणेकरांना सांगायला हरकत नाही की चिंचवडची थरमॅक्स ही व्हॅम बनवणाऱ्या जगातल्या ठळक कंपन्यांपैकी एक आहे. म्हणजे यंत्र, सुटे भाग आणि जाणकार माणसं तुमच्या गावातच आहेत. ही अडचण तुम्हाला नाही. अडचण हिशेबात आहे.

एक टन थंडावा तासभर द्यायचा म्हणजे ३,०२४ किलोकॅलरी उष्णता बाहेर काढायची. गॅसवरचं चांगलं डबल-इफेक्ट मशीन (तीच उष्णता दोन टप्प्यांत वापरणारं) उष्णतेच्या साधारण १.२ पट थंडावा देतं. म्हणजे एका टन-तासाला २,५२० किलोकॅलरी हव्यात. पाइपच्या गॅसमधून घनमीटरमागे, बिलावर ज्याला एससीएम म्हणतात त्यामागे, सुमारे ८,५०० किलोकॅलरी वापरता येतात. भागाकार करा: टन-तासाला ०.३ घनमीटर गॅस. विक्रेत्याने याहून फार कमी आकडा दाखवला, तर त्याने कुठलं उष्मांक-मूल्य धरलं ते विचारा. ग्रॉस की नेट (धुरातल्या वाफेची उष्णता धरून की वगळून), या एका शब्दावर दहा टक्के इकडचे तिकडे होतात.

‘वीज लागतच नाही’ हेही खरं नाही. मशीनच्या आतले पंप आणि बर्नरचा ब्लोअर थोडी वीज खातात, पण कूलिंग टॉवरचा (उष्णता बाहेर हवेत टाकणाऱ्या मनोऱ्याचा) पंखा आणि त्याच्याकडे पाणी फिरवणारे कंडेन्सर पंप बऱ्यापैकी खातात. सगळं मिळून टनामागे ०.२ किलोवॉट धरा. ३०० टनांना ६० किलोवॉट होतात.

आता रुपये. तुमचे खरे दर तुमच्या बिलांवर आहेत. मी उदाहरणापुरता वीज युनिटला १२ रुपये आणि गॅस घनमीटरला ५५ रुपये धरतो. गॅसच्या मशीनला टन-तासाला गॅस साडेसोळा रुपयांचा, वीज २ रुपये ४० पैशांची, आणि टॉवरमध्ये जाणारं टँकरचं पाणी सव्वा रुपयाच्या आसपास. एकूण २० रुपये. तुमचा सध्याचा थकलेला एअर-कूल्ड चिलर टनाला १.३ किलोवॉट खात असेल, तर त्याचे साडेपंधरा रुपये. आणि आजचा चांगला वॉटर-कूल्ड (टॉवरच्या पाण्याने थंड होणारा) विजेचा चिलर, टॉवर आणि पंपांसकट, ०.७५ किलोवॉटच्या आत बसतो. त्याचे पाण्यासह पावणेदहा रुपये.

म्हणजे या दरांत गॅसचं नवं कोरं मशीन तुमच्या जुन्या चिलरपेक्षाही महाग चालेल. रुग्णालयाचा सरासरी भार १५० टन आणि वर्षाला ८,००० तास धरले, तर १२ लाख टन-तास होतात. जुन्या चिलरवरून गॅसवर गेलात तर वर्षाला पन्नास लाखांहून जास्त जादा खर्च. चांगल्या वॉटर-कूल्ड विजेच्या चिलरवर गेलात तर सत्तर लाखांच्या आसपास बचत. भांडवल दोन्हीकडे लागणारच आहे.

दर बदलतात, म्हणून आकडे पाठ करू नका, गुणोत्तर लक्षात ठेवा. घनमीटरचा दर युनिटच्या दराच्या पावणेदोन पटीच्या खाली असेल, तरच थेट गॅसवरचा चिलर चांगल्या वॉटर-कूल्ड चिलरशी बरोबरी करतो. १२ रुपयांच्या विजेशी बरोबरी करायला गॅस २१-२२ रुपयांना मिळायला हवा. जुन्या एअर-कूल्डशी तुलना केली तर हीच पट सव्वातीनच्या वर जाते, आणि विक्रेते नेमकी तीच तुलना पुढे ठेवतात. जुनं यंत्र काढायचंच असेल, तर तुलना त्याच्याशी करण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी जे उत्तम येऊ शकतं त्याच्याशी करायला हवी.

गॅस इतका महाग का, हेही माहीत हवं. मुंबईच्या समुद्रातल्या आपल्या जुन्या विहिरींचा स्वस्त गॅस सरकार आधी घरगुती जोडण्या आणि सीएनजीला देतं. २०२३ च्या एप्रिलपासून त्याचा भाव कच्च्या तेलाच्या दहा टक्के आणि वर कमाल मर्यादा, असा ठरतो. रुग्णालय, हॉटेल, कारखाना यांच्या वाट्याला बहुतेक आयात केलेला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) येतो, दहेजला किंवा दाभोळला उतरलेला. त्याचा भाव जगाच्या बाजारावर हलतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर तो असा भडकला की गॅसवर गेलेले कित्येक कारखाने पुन्हा फर्नेस ऑइल आणि एलपीजीकडे वळले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून महाराष्ट्राने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, त्याने दिलासा मिळाला. पण गॅस अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे हॉटेलवाल्याला किंवा कारखानदाराला त्यावरच्या कराची वजावट मिळत नाही. वीस-पंचवीस वर्षं चालायचं यंत्र अशा इंधनाला बांधताना हे सगळं डोळ्यांसमोर हवं. हॉटेल चालवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक जास्तीची गोष्ट: महाराष्ट्रात २०२१ पासून नोंदणीकृत हॉटेलांना उद्योगाचा दर्जा आणि औद्योगिक वीजदर मिळू लागले. ज्यांना तो मिळाला, त्यांच्यासाठी गॅसच्या चिलरचं गणित आणखी कच्चं झालं.

मग गॅसवरचे चिलर लोक लावतात तरी का? कारणं आहेत आणि ती खरी आहेत.

एक म्हणजे डिझेल. जनरेटरची वीज आज युनिटला पंचवीस रुपयांच्या पुढे जाते. त्या विजेशी तुलना केली तर पंचेचाळीस-पन्नास रुपयांचा गॅसही परवडतो. दिवसाचे पाच-सहा तास वीज जाते अशा ठिकाणी गॅसवरच्या चिलरने जनरेटरचा आकार निम्म्यावर येतो, गच्चीवरचा धूर आणि आवाज कमी होतो. पुण्यात तुमच्या भागात वीज इतकी जात नाही. दुसरं, जिथे मंजूर भार वाढवून मिळत नाही किंवा त्यासाठी स्वतंत्र सबस्टेशन उभारायला सांगतात, तिथे २०० किलोवॉटचा भार गॅसवर ढकलणं शहाणपणाचं ठरतं. तिसरं, जिथे उष्णता फुकट आहे: भट्टीची चिमणी, बॉयलरची जादा वाफ, साखर कारखान्याची वाफ. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी व्हॅम पाहिली की या यंत्राबद्दल आदर वाटतो. तिथे इंधनाचं बिल शून्य, म्हणून बाकी सगळे दोष माफ.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गॅसची ज्योत दीड हजार अंशांच्या वर जळते. व्हॅममधल्या द्रावणाला हवे असतात दीडशे-एकशेसाठ अंश. इतकी उंच दर्जाची उष्णता सरळ एवढ्या खालच्या कामाला लावणं म्हणजे धरणाचं पाणी टर्बाइनमधून न फिरवता थेट कालव्यात सोडण्यासारखं आहे. पाणी शेताला तेवढंच मिळतं, पण मधली वीज कायमची गेली.

आकड्यांत पाहा. एक घनमीटर गॅस व्हॅममध्ये थेट जाळला तर ३.३ टन-तास थंडावा. तोच एक घनमीटर चांगल्या गॅस इंजिनात घातला तर सुमारे ३.८ युनिट वीज निघते, आणि इंजिनाचा धूर व जॅकेटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या वेष्टणाचं) गरम पाणी यांतून जवळपास तेवढीच उष्णता परत मिळवता येते. त्या उष्णतेवर व्हॅम चालवलं की १.१ टन-तास थंडावा. वर हाताशी असलेली ३.८ युनिट वीज विजेच्या चिलरला दिली, तर चिलरपुरत्या हिशेबाने, टॉवर-पंपांची वीज न धरता, आणखी सहा टन-तासांच्या वर. गॅस तेवढाच, थंडावा दुपटीहून जास्त. यालाच ट्रायजनरेशन म्हणतात: वीज, उष्णता आणि थंडावा, तिन्ही एकाच इंधनातून. दिल्लीत एम्सच्या जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटरमध्ये भारत-जर्मनी सहकार्यातून असा प्रकल्प उभा राहिला, तो रुग्णालयाचाच आहे. तुमच्या विश्वस्तांना दाखवायला चांगलं उदाहरण.

जपानने हे फार आधी ओळखलं. तिथे उन्हाळ्यात वीज कमी पडायची आणि गॅस पडून राहायचा, म्हणून गॅसवरच्या थंडाव्याला सरकारने धोरण म्हणून उत्तेजन दिलं. टोकियोच्या शिंजुकू भागातलं केंद्र महानगर सरकारच्या जुळ्या मनोऱ्यांसह आसपासच्या उंच इमारतींना थंड पाणी पुरवतं; क्षमता सुमारे ५९ हजार टन. तिथेही ज्योतीवर थेट चिलर ठेवून भागवलेलं नाही: गॅस टर्बाइन वीज करते, तिच्या उष्णतेची वाफ होते, वाफेवर टर्बाइनने फिरणारे चिलर आणि ॲबसॉर्प्शन मशीन चालतात. १९८७ पासून जपानात गॅस इंजिनाने कॉम्प्रेसर फिरवणारे छोटे हीट पंपही (थंडावा आणि ऊब दोन्ही देणारी यंत्रं) विकले जाऊ लागले, शाळा आणि दुकानांसाठी. ते आपल्याकडे क्वचितच दिसतात; त्यांच्या इंजिनाची देखभाल करणारी माणसं इथे तयार झाली नाहीत, हे मला त्याचं मोठं कारण वाटतं.

ट्रायजनरेशन तुमच्याकडे परवडेल का? एका घनमीटरमधून ४५ रुपयांची वीज आणि १० रुपयांचा थंडावा, म्हणजे ५५ रुपयांचा माल निघतो. गॅस ५५ चा आणि इंजिनाची देखभाल घनमीटरमागे चार-पाच रुपये धरली तर दिवसभर चालवून हाती काही उरत नाही, उलट थोडं जातं. पण संध्याकाळच्या महाग तासांत, वीज गेल्यावर डिझेलच्या जागी, आणि लॉन्ड्री व आंघोळीच्या गरम पाण्यालाही तीच उष्णता वापरून, ते नक्की जमतं. गॅस चाळिशीत आला तर दिवसभर चालवा.

आता जागेवरच्या गोष्टी. माहितीपत्रकात त्या एका ओळीत असतात आणि यंत्र मात्र त्यांच्यावरच मरतं किंवा जगतं.

पाणी आधी घ्या. व्हॅमला इमारतीची उष्णता आणि ज्योतीची उष्णता, दोन्ही टॉवरमधून बाहेर टाकायच्या असतात. विजेचा चिलर थंडाव्याच्या १.२ पट उष्णता फेकतो, डबल-इफेक्ट व्हॅम १.८ पट. टॉवर दीडपट मोठा, पाइप जाड, आणि ब्लोडाउन (क्षार वाढलेलं पाणी काढून टाकणं) धरून टन-तासाला सुमारे १२ लिटर पाणी. १५० टन सरासरी भाराला रोज ४३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर रोज, वर थोडं. तुमच्या आजच्या एअर-कूल्ड चिलरला पाण्याचा थेंबही लागत नाही, हे विसरू नका. वॉटर-कूल्ड विजेच्या चिलरलाही रोज २८-२९ हजार लिटर लागतीलच, त्यामुळे हा विचार तुम्हाला कुठल्याही मार्गाने करावाच लागेल. एसटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) पाणी वापरता येतं. दीडशे खाटांच्या रुग्णालयातून ते पुरेसं निघतं. पण ते नीट गाळून, मृदू करून आणि जंतुनाशकाची मात्रा सांभाळूनच टॉवरला द्या. रुग्णालयाच्या टॉवरमध्ये लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढला तर तुषारांवाटे तो अशक्त रुग्णापर्यंत पोचतो. टॉवर आणि चिमणी या दोन्हींपासून ऑपरेशन थिएटरच्या ताज्या हवेचं तोंड दूर आणि त्यांच्यावरून वारा येणार नाही अशा बाजूला हवं. आराखड्यावर हे मी सगळ्यांत आधी पाहतो.

मग व्हॅक्यूम. व्हॅमचं आयुष्य म्हणजे तिचा व्हॅक्यूम. आत हवा शिरली की दोन गोष्टी होतात: थंडावा लगेच घटतो आणि प्राणवायूमुळे पोलाद गंजू लागतं. गंजातून हायड्रोजन सुटतो, तो व्हॅक्यूम आणखी बिघडवतो. म्हणून पर्ज करण्याची, म्हणजे आत शिरलेली हवा पंपाने काढून टाकण्याची, नोंदवही रोजची हवी. आधी आठवड्यातून एकदा पर्ज करावं लागत होतं आणि आता दररोज लागतंय, तर कुठेतरी गळती आहे. थंडावा कमी होण्याची वाट न पाहता नायट्रोजन भरून गळती शोधा. द्रावणाचा नमुना नियमित प्रयोगशाळेत पाठवा: गंजरोधक किती उरलं, तांबं किती विरघळलं, सामू किती. मुंबईतल्या एका हॉटेलात मी असं यंत्र पाहिलं आहे की ज्याच्या देखभालीचा करार खर्च वाचवायला बंद केला होता. नळ्या इतक्या सडल्या होत्या की दुरुस्तीपेक्षा नवं घेणं बरं पडलं. तीच बनावट, शेजारच्या उपनगरात, नोंदवही चोख ठेवणाऱ्या ऑपरेटरच्या हातात वीस वर्षांनंतरही जवळपास पूर्ण क्षमतेने चालते आहे.

आणि क्रिस्टल. द्रावण फार तीव्र झालं आणि थंड झालं की मीठ घट्ट बसतं, मशीन जाम होतं. हे बहुधा तीन प्रसंगी होतं. अचानक वीज जाते आणि पंप बंद पडतात, द्रावण पातळ करून ठेवायला वेळच मिळत नाही; म्हणून त्या छोट्या पंपांना जनरेटरची किंवा यूपीएसची जोड हवीच. बोअरच्या जड पाण्याने ॲबसॉर्बरच्या (द्रावण जिथे वाफ शोषतं त्या भागाच्या) नळ्यांत क्षार साचतात, मशीन ओढूनताणून थंडावा द्यायला बघतं आणि द्रावणाची तीव्रता वाढते. तिसरी वेळ पुण्याच्या हिवाळ्याची: जानेवारीच्या पहाटे टॉवरचं पाणी फार थंड येतं. टॉवरच्या पंख्याला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आणि बायपासचा वॉल्व्ह दिला नाही तर हा त्रास ठरलेला. जाम झालेलं मशीन मोकळं करायला तासन् तास बाहेरून गरम करत बसावं लागतं, आणि तोवर तुमचं आयसीयू कशावर चालणार? म्हणून रुग्णालयात एकटं व्हॅम कधीच नको. जोडीला विजेचा चिलर हवा. सुरू करून पूर्ण थंडावा मिळायलाही व्हॅमला अर्धा तास लागतो.

गॅसच्या बाजूने: ३०० टनांना पूर्ण भारावर तासाला ९० घनमीटर गॅस लागेल. स्वयंपाकघराची जोडणी आणि मीटर एवढं देऊ शकत नाहीत. वेगळी लाइन, वेगळा दाब, वेगळा मीटर. घनमीटरभर गॅसला दहा घनमीटरहून जास्त हवा लागते, तेव्हा तळघरातल्या प्लांट रूमला तासाला हजार घनमीटरच्या वर ताजी हवा फक्त जळण्यासाठी हवी. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तर छताशी साठतो. डिटेक्टर छताजवळ बसवा. एलपीजीच्या सवयीने जमिनीलगत बसवलेले डिटेक्टर मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत, त्यांचा इथे उपयोग नाही. दिलासा एवढाच की डबल-इफेक्ट मशीनमधला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी राहतो, त्यामुळे बॉयलर कायद्याची कटकट लागत नाही.

शवागार, रक्तपेढी आणि कोल्ड रूमचं उत्तर छोटं आहे. लिथियम ब्रोमाइडच्या यंत्रात रेफ्रिजरंट पाणीच असल्याने शून्याच्या खाली जाताच येत नाही. व्यवहारात ५ ते ७ अंशांचं पाणी ही तिची हद्द. रक्त २ ते ६ अंशांत ठेवायचं, किचनचा फ्रीझर उणे १८ ला, प्लाझ्मा त्याहून खाली. यांपैकी काहीच तिच्या आवाक्यात नाही. शून्याखाली जाणारी अमोनिया-पाण्याची ॲबसॉर्प्शन यंत्रं असतात, उणे ४० पर्यंतही जातात, रासायनिक कारखान्यांत फुकटच्या वाफेवर ती छान चालतात. पण त्यांना उष्णता दुप्पट लागते, आणि शेकडो किलो अमोनिया रुग्णांच्या शेजारी ठेवण्याचा विचारही करू नका. ही छोटी उपकरणं विजेवर, यूपीएस आणि जनरेटरच्या आधारावरच ठेवा. मासळी गोठवणाऱ्या किंवा द्राक्षं प्री-कूल करणाऱ्यांनाही हेच सांगेन: विजेवरचा अमोनिया कॉम्प्रेसर आजही बिनतोड आहे.

पर्यावरणाचा मुद्दा तुमच्या विश्वस्तांनी काढला, असं तुम्ही लिहिलंय. गॅस स्वच्छ जळतो, धूर नाही, काजळी नाही. व्हॅममध्ये एचएफसी वायूही (नेहमीच्या एसीतले, पृथ्वीचं तापमान वाढवणारे) नाहीत. हे वायू घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली कराराप्रमाणे भारत २०३२ पासून ते वायू कमी करत जाणार, त्या दृष्टीने हे मोलाचं आहे. पण कार्बन मोजला तर घनमीटरमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे टन-तासाला ०.६ किलो, शिवाय टॉवर आणि पंपांच्या विजेचा वेगळा. ग्रिडच्या विजेला युनिटमागे आज साधारण ०.७ किलो धरतात. वॉटर-कूल्ड चिलर टॉवर-पंपांसकट ०.५ किलोच्या आसपास येतो, आणि ग्रिडमध्ये सौर-पवन वाढेल तसा हा आकडा दरवर्षी खाली जाईल. ज्योतीचा आकडा तिथेच राहील.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. गच्चीवरचे चिलर टप्प्याटप्प्याने काढून व्हीएफडीचे वॉटर-कूल्ड चिलर बसवले असते, एक जादा ठेवून. आंघोळीचं गरम पाणी हीट पंपावर, किचन आणि लॉन्ड्री पाइपच्या गॅसवर. पुढचा डिझेल जनरेटर घ्यायची वेळ आली की त्याऐवजी २५० किलोवॉटच्या गॅस इंजिनाचा आणि त्याच्या उष्णतेवरच्या ७० टनांच्या व्हॅमचा प्रस्ताव मागवला असता. ते इंजिन तासाला ६५ घनमीटरच्या आसपास गॅस घेईल. अचानक गेलेल्या विजेसाठी एक छोटा डिझेल सेट ठेवावाच लागेल, कारण गॅस इंजिन एका झटक्यात मोठा भार उचलत नाही.

आणि गॅस कंपनीशी करारावर सही करण्याआधी एक कलम नीट वाचा: किमान उचल. ठरलेल्या गॅसच्या काही टक्के तुम्ही वापरा न वापरा, पैसे भरावे लागतात. पुण्यात जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीत थंडाव्याचा भार मे महिन्याच्या निम्म्यावर येतो. मे महिन्याचा आकडा करारात घातला तर उरलेले महिने न जाळलेल्या गॅसचे पैसे भरत बसाल. मागची बारा विजेची बिलं, जनरेटरच्या डिझेलची नोंद आणि चिलरची तासागणिक लॉगशीट एकत्र करा, सर्वांत कमी भाराचा महिना शोधा, आणि कराराचा आकडा त्या महिन्यावरून ठरवा. दर किती दिवसांनी बदलणार आणि कुठल्या निर्देशांकाला बांधला आहे, तेही लेखी घ्या.